अंजिराची ढेप

शास्त्रपाठ : 2 राजे 20:1-7

हिज्कीया राजा मरणास टेकला होता. भिंतीकडे तोंड करून त्याने रडत प्रार्थना केली. देवाने ती ऐकली व त्याचे आयुष्य 15 वर्षांनी वाढवले. पण 7 वे वचन आपण घाईत ओलांडतो. यशयाने अंजिराची ढेप आणवली. ती गळवावर बांधली, आणि राजा बरा झाला. देवाचा संदेष्टा, आणि उपाय मात्र घरगुती पोटिसाचा!

बेळगावकडे माझ्या लहानपणी आजीचा दवाखाना परसातच असे. खोकल्याला अडुळशाच्या पानांचा रस मधातून, पोटदुखीला ओवा, मुरगळलेल्या पायाला निरगुडीच्या पाल्याचा शेक. पाने खुडताना ती हळू आवाजात प्रार्थना करी. मात्र ताप हटला नाही, तर पाल्याचा हट्ट न धरता ती आम्हांला डॉक्टरांकडे नेई. अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झीन हे खोकल्याचे औषध तयार झाले. पान आणि बाटली, दोहोंचा दाता एकच.

आज कोणी म्हणतो, औषध घेणे हा अविश्वास. कोणी काढ्याच्या भरवशावर मधुमेहाच्या गोळ्या बंद करतो. दोघेही देवाला एकच वाट नेमून देतात, आणि त्यात एखाद्या घरचा दिवा विझतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, हा पाठ शिकवताना ढेप गाळू नका. आणि मंडळीतील आजाऱ्यासाठी गुडघे टेकल्यावर उठा, व त्याच्यासोबत दवाखान्यापर्यंत चाला.