क्रोधाची ताटी

 

मागे एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक तरुण पुढे आला. म्हणाला, "महाराज, तुम्ही क्रोधाला षड्रिपूंत बसवता. पण डोळ्यांदेखत अन्याय चालला असता ज्याला राग येत नाही, तो माणूस कसला?" प्रश्न खरा होता. त्या वेळी मी गीतेच्या दुसऱ्या अध्यायाची उतरंड सांगितली : क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिनाश, मग बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश. त्याचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर माझेही नाही.

शास्त्राने सगळ्याच कोपाला पाप म्हटलेले नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात मन्यूची दोन सूक्ते आहेत. तिथे मन्यू ही देवता आहे. मग रिपू कोणता आणि देवता कोणती, हे ओळखावे कशावरून? आपल्या संप्रदायात याचे उत्तर ताटीच्या कथेत आहे. लोकांच्या निंदेने उद्विग्न होऊन ज्ञानोबाराय झोपडीची ताटी लावून आत बसले. मुक्ताई बाहेर उभी राहून विनवू लागली. ती काय म्हणाली? ताटी उघडा. म्हणजे राग येणे हा दोष नव्हे. दार लावून घेणे हा दोष.

जगाच्या व्यवहारात हेच पाहा. २७ ऑक्टोबर १९६२. अमेरिका आणि रशिया क्यूबावरून अणुयुद्धाच्या काठावर उभे होते. क्यूबाजवळच्या समुद्रात बी-५९ नावाची रशियन पाणबुडी खाली दडलेली. आत असह्य उकाडा, मॉस्कोशी संपर्क तुटलेला, वरून अमेरिकन जहाजे इशाऱ्याचे स्फोट करताहेत. जवळ अणुबॉम्ब बसवलेला एक टॉर्पेडो होता. कप्तान संतापला आणि तो सज्ज करा म्हणाला, असे बोटीवरच्या एका अधिकाऱ्याने पुढे सांगितले. तेव्हा वासिली आर्खिपोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने त्याला शांत केले. बोट वर आली. त्याच दिवशी अमेरिकेचे एक विमान क्यूबावर पाडले गेले, वैमानिक मेला. तरी केनेडींनी लगेच उलट मारा केला नाही. ख्रुश्चेव्हची दोन पत्रे आली होती, एक नरम, एक कडक. केनेडींनी नरम पत्राला उत्तर दिले, आणि तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रे काढण्याचे गुपचूप कबूल केले. दुसऱ्याला माघारी फिरायला वाट ठेवली. दुसऱ्या दिवशी ख्रुश्चेव्हनी क्षेपणास्त्रे परत नेण्याचे जाहीर केले.

आता घरची गोष्ट सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. त्यांचा राग रास्त होता : पगार अपुरा, आणि १९४६ च्या कायद्याने मान्यता एकाच संघटनेला, मग ती कामगाराला नको का असेना. पण मालक, सरकार आणि पुढारी, सगळ्यांनीच आपापली ताटी लावली. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. घरे मात्र मोडली.

माझे थोरले बंधू साच्यावर होते. वर्ष उलटले तेव्हा मी त्यांना म्हणालो, "दादा, आता कामावर जा. पोरे उपाशी आहेत." ते म्हणाले, "तू दक्षिणेवर जगतोस, तुला काय कळणार?" हे मला झोंबले. अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. माउली, त्या अकरा वर्षांत मी गावोगाव ताटीची कथा सांगितली, लोक रडले, आणि माझ्या घरची ताटी लागलेलीच. दादांचा राग गिरणीवरचा होता, पोरांसाठी होता. माझा राग माझ्या मानासाठी होता. शेवटी वहिनींनी बोलावून घेतले. दादा ओट्यावर बसले होते. "पाय धू, जेवायला बैस," इतकेच म्हणाले.

तर मग अन्यायापुढे गप्प बसावे काय? मुळीच नाही. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, आणि त्यांच्या जातीच्या वारकऱ्यांना पुढे शतकानुशतके आत मज्जाव. हे पाहून साने गुरुजी संतापले. त्यांनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण मांडले. मागणीतून तिळभर हटले नाहीत. उपोषण हाही एक दाबच, असे कोणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटे नाही. पण तो जाच त्यांनी स्वतःच्या देहाला दिला. विरोधकाला विचार बदलायला जागा ठेवली. मंदिर सर्वांना खुले झाले.

त्या तरुणाला आज मी इतकेच सांगेन : बाबा, राग येऊ दे. फक्त दोन गोष्टी बघ. तो कुणाच्या दुःखासाठी आहे, की तुझ्या मानासाठी? आणि समोरच्याला परत यायला दार ठेवले आहेस का? दार ठेवले तर तो मन्यू. लावलेस तर तो रिपू, मग कारण कितीही न्यायाचे असो.

येत्या वारीला निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरची एक ताटी आठवावी आणि ती उघडून मगच पंढरीची वाट धरावी. पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!