पत्त्याचा पुरावा

निवृत्तीला अडीच वर्षे उरली की सरळमार्गी माणूससुद्धा नकाशे पाहू लागतो. आमच्या शाखेतल्या हेडकॅशिअरना सगळे नाना म्हणतात. या नानांनी उभ्या आयुष्यात डोंबिवली ते दादर याच्या पलीकडचा नकाशा उघडला नव्हता. एकदा एलटीसी घेऊन उटीला गेले, तर तिथूनही रोज शेजाऱ्याला फोन करून डोंबिवलीत पाणी किती वाजता आले याची चौकशी करत होते. अशा नानांनी परवा डबा उघडता उघडता जाहीर केले, "रिटायर झालो की मी थायलंडला जाणार."

"फिरायला?" मी विचारले.

"राहायला. चियांग माई म्हणून गाव आहे. उत्तरेला, डोंगरात. तिथे भाड्याच्या घरालासुद्धा लिफ्ट असते."

लिफ्ट हा शब्द त्यांनी अशा आवाजात उच्चारला, की वारकऱ्याने पंढरपूर म्हणावे. त्याला कारण आहे. नानांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी नऊ वर्षे चालू आहेत आणि तेवढ्यात नानांच्या गुडघ्यांचाच पुनर्विकास करायची वेळ आली. पीएफ आणि ग्रॅच्युइटी एकावर एक उभी केली तरी ठाण्यातल्या लिफ्टवाल्या फ्लॅटच्या पहिल्या मजल्यापर्यंतही हात पोचत नाही. तेव्हा डोंबिवलीचा फ्लॅट विकायचा, पैसे व्याजाला लावायचे आणि जिथे आपला रुपया जरा छाती काढून चालू शकतो अशा देशात जाऊन राहायचे, असा हा बेत.

मी पडलो बी.कॉम. कुणी जमेची बाजू मांडली की मला खर्चाची बाजू कोरी बघवत नाही. दोन दिवस मी काउंटरवरच्या गर्दीतून सवड काढून थायलंडचे नियम वाचले. वयाची अट पन्नास. नाना खूश झाले. इथे साठ पूर्ण झाल्याशिवाय कुणी ज्येष्ठ म्हणत नाही आणि म्हटले तरी लोकलमध्ये जागा देत नाही. तिथे पन्नाशीलाच निवृत्त म्हणून मान्यता! दुसरी अट पैशाची. एक तर महिना पासष्ट हजार बाट उत्पन्न दाखवा, नाहीतर आठ लाख बाट तिथल्या बँकेत ठेवा. आठ लाख बाट म्हणजे आपले वीस लाखांच्या वर. ते अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात पडलेले हवेत, मंजुरीनंतरही तीन महिने हलवायचे नाहीत आणि पुढे वर्षभर चार लाखांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत.

"म्हणजे मिनिमम बॅलन्स!" नाना उद्गारले. पस्तीस वर्षे त्यांनी लोकांना मिनिमम बॅलन्स समजावून सांगितला होता. आता म्हातारपणीही तोच आपल्यासोबत विमानात बसून येणार, हे ऐकून त्यांना परकेपणा जरा कमी वाटला.

परवानगी एक-एक वर्षाची. शिवाय दर नव्वद दिवसांनी आपण कुठे राहतो ते सरकारला कळवायचे. आपल्याकडे पेन्शनर वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, आपण जिवंत आहोत असे सांगायला बँकेत येतात. तिकडे जिवंत आहात हे गृहीत धरून फक्त पत्ता विचारतात. जमीन मात्र परदेशी माणसाला स्वतःच्या नावावर विकत घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, पण इमारतीतल्या फ्लॅटांच्या एकूण क्षेत्रफळापैकी परदेशी मालकांकडे एकोणपन्नास टक्क्यांहून जास्त जाऊ देत नाहीत. म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत परक्यांचे बहुमत कधीच होणार नाही याची सरकारनेच तजवीज केलेली. आमच्या सोसायटीतल्या सभा पाहिल्यावर मला हा कायदा फार दूरदृष्टीचा वाटला.

पैसे न्यायला अडचण नव्हती. रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर न्यायला परवानगी देते. हा आकडा वाचून नाना गहिवरले. आपल्यालाही कुणी वरची मर्यादा घालू शकते, ही कल्पनाच त्यांना नवी होती.

एव्हाना मलाही ते वेड लागले होते. रात्री सौ.ला सांगितले, तर ती म्हणाली, "तिकडे कोथिंबीर मिळते का?" मी म्हटले, भरपूर मिळते, ते लोक मुळासकट वाटतात. "मग भाजीवाला जुडीमागे फुकट देतो का?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी आपला पुढचे देश चाळू लागलो. मलेशियाने २००२ साली परदेशी माणसांना दीर्घकाळ राहू देणारी योजना काढली. २०२१ मध्ये तिथे दरमहा उत्पन्नाची अट दहा हजार रिंगिटवरून एकदम चाळीस हजारांवर नेली, आणि २०२४ मध्ये घर विकत घेण्याची सक्ती घालून सगळे नियम पुन्हा बदलले. ऑस्ट्रेलियात मुलांकडे कायमचे राहायला जाणाऱ्या वृद्ध आईबापांसाठी साधा व्हिसा आहे, पण रांग तीस वर्षांहून लांब. अर्ज करायलाच वय सदुसष्ट लागते. म्हणजे सत्त्याण्णवाव्या वर्षी सूनबाईच्या हातचा चहा!

पोर्तुगाल बरा वाटला. ज्यांना आपण १९६१ साली गोव्यातून घालवले, त्यांच्याच दारात ट्रंक घेऊन उभे राहायचे म्हणजे जरा संकोच होतो, पण त्यांची अट सभ्य आहे. पेन्शन, भाडे असे बसल्या जागी येणारे उत्पन्न निदान त्यांच्या किमान वेतनाइतके असावे. २०२५ साली ते महिना ८७० युरो होते. तिथल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाला जेवढे मिळते तेवढे तरी तुमच्याजवळ हवे. याहून न्याय्य माप कोणते?

पण इथेच माझ्यातला बी.कॉम. अडखळला. त्या माणसाला ते ८७० युरो महिनाभर राबून मिळतात आणि मला आरामखुर्चीत. घरमालकापुढे आम्ही दोघे उभे राहिलो तर तो खोली कुणाला देईल? २०१२ मध्ये पोर्तुगालने आणखी एक दार उघडले होते. पाच लाख युरोंचे घर घ्या आणि राहण्याचा परवाना मिळवा. देश अडचणीत होता, बाहेरचा पैसा हवा होता. पुढे लिस्बन आणि पोर्तूमधली घरे तिथल्याच पगारदारांच्या आवाक्याबाहेर गेली. दोष एकट्या या पाहुण्यांचा नव्हता, पर्यटकांना रोजावर दिलेली घरेही होतीच. पण २०२३ मध्ये घरखरेदीचे ते दार त्यांना बंद करावे लागले. स्पेनने असेच दार २०१३ मध्ये उघडले आणि एप्रिल २०२५ मध्ये सगळेच बंद केले. लिस्बनमध्येही एखादी बँक असेल, तिच्यात माझ्यासारखा एखादा कारकून असेल, आणि तोही दीड तासाच्या लोकलने येत असेल, असे मला वाटू लागले. मग झोप येईना.

दुसऱ्या दिवशी मी हे नानांना बोलून दाखवले. वर त्यांच्याच मेमधल्या भाषणाची आठवण दिली. नानांचे गाव दापोलीजवळ. तिथे त्यांच्या घराशेजारची वाडी शहरातल्या कुणी निवृत्त गृहस्थाने घेतली, बंगला बांधला, भोवती चिऱ्याची भिंत घातली आणि समुद्रावर जायची पायवाट बंद झाली. शाळेतल्या नव्या मास्तरांना गावात परवडेल अशी खोली मिळेना. तेव्हा सुटीवरून आल्यावर नाना आठवडाभर या बाहेरच्या लोकांवर बोलत होते.

"नाना, त्या बंगलेवाल्यात आणि तुमच्यात फरक काय? तो दापोलीला आला की आक्रमण आणि तुम्ही चियांग माईला गेलात की नियोजन?"

नाना रागावले. नोटा मोजताना रागावले तरी त्यांचा आकडा चुकत नाही, हे विशेष. "माझे आजोबा गाव सोडून गिरगावात आले तेव्हा त्यांना कुणी विचारलं होतं, की तू आल्यानं खोल्यांचं भाडं वाढेल म्हणून? पोटासाठी गेलेलं चालतं. मग मी गुडघ्यांसाठी गेलो तर काय बिघडलं?"

"आजोबा गिरणीत राबायला आले होते. त्यांच्या हातांची या शहराला गरज होती."

"म्हणजे हातात बळ असेल तोवरच माणसाला कुठंही जायचा हक्क? पस्तीस वर्षं राबून झाल्यावर, जिथं परवडतं तिथं टेकायचं नाही?"

मी गप्प बसलो. खरे सांगायचे तर अजूनही या प्रश्नाचा ताळेबंद माझ्याच्याने जुळलेला नाही. म्हाताऱ्या माणसाने सुख शोधू नये असे कोण म्हणेल? पण एकाची स्वस्ताई ही दुसऱ्याची महागाई असते, हेही वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षालाच शिकवलेले असते. फक्त तो दुसरा आपल्याला दिसत नाही.

तो मला नोव्हेंबरात दिसला. म्हणजे दिसली. नवऱ्याच्या मागे कुटुंब पेन्शन घेणाऱ्या एक आजी हयातीचा दाखला द्यायला आल्या. अंगठा उमटला, हयात सिद्ध झाली. पण खात्याचे केवायसी संपले होते. आधारवरचा पत्ता एका चाळीचा. ती चाळ पाडली, तिथे आता तेवीस मजले आहेत. आजी तिथे पोटभाडेकरू, त्यामुळे नव्या इमारतीत जागा नाही. सध्याची खोली भाड्याची. मालक दर अकरा महिन्यांनी भाडे वाढवतो किंवा खोली खाली करायला सांगतो, आणि करारनामा कधीच हातात देत नाही. लाइटबिल त्याच्याच नावावर.

"आजी, पत्त्याचा पुरावा लागेल," मी म्हणालो.

"अरे, मी आहे ना इथं तुझ्यासमोर. कुठं जात्येय?"

"इथं म्हणजे कुठं, ते कागदावर पाहिजे."

"कागदावर कशी राहू रे बाळा?"

मी त्यांना परत पाठवले. चार दिवसांनी त्या एक रेशनकार्ड घेऊन आल्या. त्यावरही तीच चाळ. मी पुन्हा परत पाठवले. काचेपलीकडून नाना पाहत होते. दुपारी डबा न उघडताच म्हणाले, "माझ्याजवळ आठ लाख बाट असले, तर ज्या गावात मी आजवर पाऊल टाकलं नाही, तिथं मला राहू देतील. या बाईंजवळ या गावातली पन्नास वर्षं आहेत. ती कुठल्या खात्यात जमा करायची?"

मी केवायसीचे परिपत्रक काढून पुन्हा वाचले. अशा वेळी ग्राहकाचे घोषणापत्र घ्यावे आणि नंतर दोन महिन्यांच्या आत बँकेने त्या पत्त्याची खात्री करून घ्यावी, असे त्यात चक्क लिहिले होते. आधीही वाचले होते मी. पण कागद मागणे सोपे; खात्री करायला पाय झिजवावे लागतात. एका म्हाताऱ्या बाईला दोन हेलपाटे नियमाने घातले नव्हते, मी घातले होते.

संध्याकाळी मी आजींकडून घोषणापत्र घेतले आणि पत्ता पाहायला निघालो. नानाही आले. खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट अर्थातच नाही. नाना प्रत्येक पायरीला थायलंडचे नाव घेत चढले. दहा बाय दहाची खोली, एक कॉट, देवांचा फोटो, खिडकीत तुळस. चाळ पाडायच्या आदल्या दिवशी उचलून आणलेली, असे आजी म्हणाल्या. शेजारची मुलगी दूध घेऊन आली, खालच्या इस्त्रीवाल्याने "कोण पाहुणे?" म्हणून वर हाक मारली. आजींनी आमच्यापुढे चहा ठेवला.

"पटलं का मी इथं राहते ते?"

मी मान डोलावली. तिथेच मांडीवर अर्ज ठेवून शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: सदर इसम सदर पत्त्यावर राहतात. वीस वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेल्या शेऱ्यांपैकी हा बहुधा एकच स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिलेला.

नानांनी थायलंड सोडलेले नाही. दोन महिने जाऊन येऊ, खोली कशी मिळते आणि ती आधी कुणाची होती तेही बघू, म्हणतात. त्या दिवशी मात्र ते माझ्या खांद्यावरून अर्ज वाचत होते. म्हणाले, "तारीख टाक रे. अकरा महिन्यांनी पुन्हा यावं लागेल."