शब्द नाकारणाऱ्यांची शाई

बोध अक्षरांच्या आधाराने मिळत नाही, असे झेन पंथ सांगत आला. ‘फुर्यू मोन्जी’ हे त्याचे चार चिन्हांचे सूत्र तेच बजावते. आणि जपानी चहाघरात सर्वांत मानाची जागा कोणाची? तोकोनोमा या कोनाड्यात टांगलेल्या एखाद्या भिक्षूच्या हस्ताक्षराची. पाहुणे आत येतात, गुडघे मोडून बसतात आणि आधी त्या पटापुढे वाकतात. अक्षर नाकारायचे आणि अक्षरापुढेच वाकायचे, हा दुटप्पीपणा नव्हे का? मला तसे वाटत नाही. तिथला मान मजकुराचा नसून लिहिण्याच्या कृतीचा आहे.

आपण सहाणेवर चंदन उगाळतो, तशी सुमी शाईची कांडी दगडावर पाण्यात उगाळतात. कुंचला रेंगाळला की शाई कागदात पसरते. भरधाव गेला की केसांच्या फटींतून कोरा कागद पांढऱ्या रेघांनी डोकावतो. मागाहून केलेली डागडुजी जाणत्या नजरेतून सुटणे कठीण. शिवाय प्रत्येक चिन्हातल्या फटकाऱ्यांचा क्रम ठरलेला, त्यामुळे पाहणाऱ्याची नजर लिहिणाऱ्या हाताच्या मागोमाग चालू शकते. अशा लेखनाला ‘बोकुसेकी’, म्हणजे शाईच्या खुणा, म्हणतात ते उगाच नाही.

यावर कोणी म्हणेल, ही तर पादुकांची पूजा झाली. थोराचा हात लागला म्हणून कागद थोर. आक्षेपात तथ्य आहे. चिनी आचार्य युआनवू यांनी 1124 मध्ये शिष्याला दिलेले बोधाचे प्रमाणपत्र आज तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहे, पण अर्धेच. सरदार दाते मासामुनेच्या आग्रहाखातर चहाचार्य फुरुता ओरिबेने ते कापले, असे सांगतात. बोधाचे पत्र कापून वाटून घेणे ही हाव आहे, तिला दुसरे नाव नको. पण जपानी झेन गुरू हाकुइनची (1686–1769) हकिगत वेगळी. तरुणपणी त्याने दाइगू या भिक्षूचे लेखन पाहिले. अक्षर सुबक नव्हते, तरी लोक ते जिवापाड जपत होते. परंपरा सांगते की हाकुइनने परतून स्वतःचे कुंचले आणि कित्ते जाळले. अवशेष पुजणारा असे करत नाही. त्या शाईने त्याच्याकडेच काहीतरी मागितले होते. पुढे म्हातारपणी त्याने पुन्हा भरभरून लिहिले: जाड, बोजड अक्षरे, जागा संपत आली की कडेला दाटीने बसवलेली.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. लिहिणारा बोध झालेला होता हे आधीच ठाऊक असते, म्हणून रेषेत बोध दिसतो. उत्तम नक्कल केली तर जाणकारही फसेल. हे मान्य करावेच लागते. रेषा बोधाचा पुरावा होऊ शकत नाही. मात्र झेनचे सूत्र याहून वेगळे काय सांगते? अक्षरावर विसंबू नका म्हटले, तेव्हा त्यात गुरूचे अक्षरही आले. चहाच्या पूर्ण समारंभात हे प्रत्यक्ष घडते. जेवणानंतर पाहुणे बागेत जातात, तेवढ्यात यजमान पट उतरवून गुंडाळतो. ते परततात तेव्हा त्या जागी फुले असतात.