समोरून येणारा

नीतिशास्त्राचे प्रश्न म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठे विषय उभे राहतात: युद्ध, देहदंड, संपत्तीची वाटणी. सेमिनरीत आम्हीही ते याच क्रमाने शिकलो. परंतु माणसाच्या नीतीची कसोटी पुष्कळदा याहून फार लहान जागी लागते आणि तिथे साक्षीदारही नसतो. सिन्नरहून रात्री डुबेरे-ठाणगावकडे किंवा पांढुर्लीमार्गे घोटीकडे घरी परतणाऱ्या कोणाही वाहनचालकाला विचारा. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना मिट्ट काळोख, आणि समोरून कोणीतरी आपले दिवे पूर्ण प्रखर ठेवून येत आहे. आपण डिपर देऊन विनंती करतो. तो ऐकत नाही. आपण पुन्हा विनंती करतो, तरीही नाही. आता आपण काय करावे?

बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. तो खाली करत नाही ना, मग मीही करणार नाही. उलट होते नव्हते तेवढे दिवे लावून त्याला धडा शिकवतो! जशास तसे. यात एक प्रकारचा न्याय आहे असे त्या क्षणी मनापासून वाटते, आणि म्हणूनच हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

आधी डोळ्यांविषयी थोडे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर प्रखर झोत पडला की तो गेल्यावरही काही क्षण आपल्याला नीट दिसत नाही. वय वाढते तसा डोळा सावरण्यास अधिक वेळ लागतो. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्यांना हे निराळे सांगावे लागत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. तीन सेकंद डोळे दिपले तर ५० मीटर रस्ता आंधळेपणाने पार झाला. आता ‘धडा शिकवणाऱ्या’ने नेमके काय साधले ते पाहा. जो भरधाव आपल्याच रोखाने येत आहे, त्यालाच त्याने आंधळे केले! पर्वतावरील प्रवचनातील दुसऱ्या गालाची शिकवण अव्यवहार्य आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा रात्री घोटी रस्त्याने जाऊन यावे.

परंतु माझा मुख्य मुद्दा याहून वेगळा आहे. हा झगडा आपण दोघांचा समजतो, आणि तिथेच आपला हिशेब चुकतो. दोन वाहनांचे प्रखर झोत समोरासमोर आले की त्यांच्यामधला आणि कडेचा रस्ता दोघांनाही दिसेनासा होतो. त्या न दिसणाऱ्या पट्टीत कोण असते? शेतीपंपाची वीज आपल्या ग्रामीण भागात पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, मिळत आली आहे; म्हणून अपरात्री पाणी धरायला निघालेला शेतकरी तिथे असतो, बिबट्याच्या धास्तीने हातात काठी घेतलेला. उसाच्या हंगामात मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली असते, किंवा बैलगाडी आणि तिच्यावर पेंगुळलेले ऊसतोड कुटुंब. रामनवमीच्या सुमारास मुंबईहून शिर्डीला पायी निघालेले भाविक घोटी-सिन्नर रस्त्याच्या कडेने रांगेने चालत असतात. दिवे असलेल्या दोघांच्या भांडणाची किंमत बहुधा ज्याच्याकडे दिवाच नाही तो मोजतो. ‘त्याने केले म्हणून मी केले’ हे वाक्य त्या तिसऱ्यापुढे उच्चारून पाहावे. त्याने तर कोणाचेच काही केलेले नसते.

१३ जानेवारी २०२३ रोजी सकाळी सिन्नर तालुक्यात पाथरे गावाजवळ शिर्डीला निघालेली खाजगी बस आणि ट्रक यांचा अपघात होऊन दहा जण मृत्युमुखी पडले. त्याची देशभर बातमी झाली आणि ते योग्यच होते. पण कडेने चालणारा एकेकटा माणूस मरतो तेव्हा चार ओळीही छापून येत नाहीत. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत पायी चालणारे आणि दुचाकीवरचे फार मोठ्या संख्येने होते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. दिवा खाली केला की मलाही कमीच दिसते. खालच्या झोतात साधारण ४०-५० मीटर रस्ता उजळतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार थांबवायची तर चालक दचकून ब्रेक दाबेपर्यंतचे अंतर धरून ७० मीटरांहून अधिक जागा लागते. ताशी ५० च्या वेगात ४० मीटरांच्या आत काम भागते. तेव्हा सौजन्य फुकट मिळत नाही. दिवा खाली करणाऱ्याने वेगही कमी केला पाहिजे, आणि आपले घोडे इथेच अडते. मनगट हलवायला कोणाची ना नसते. पाय उचलायला असते. घरी पोहोचण्याची पाच-दहा मिनिटे कोणा अनोळखी माणसासाठी सोडायची, तीही त्याने आपल्यासाठी काही सोडलेले नसताना! आता तर समृद्धी महामार्गावरून ताशी १२० च्या वेगाने आलेली मोटार गोंदे येथे खाली उतरते आणि तोच वेग पायात घेऊन गावच्या रस्त्याला लागते. त्या महामार्गावर समोरून येणारा कोणी नसतो, कडेने चालणाराही नसतो. इथे दोघेही असतात. तासाभराच्या सवयीने पाय ते विसरलेला असतो.

यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ताही उताराचा, निर्जन आणि धोक्याचा होता. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर आपण वर्षानुवर्षे प्रवचने ऐकतो आणि आम्ही ती देतोही. आपल्या देशात जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस आणि न्यायालयाच्या फेऱ्यांचे भय वाटत असे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी त्यासंबंधीच्या संरक्षक सूचनांना बंधनकारक रूप दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. या शोमरोन्याला कायद्याने जवळ केले, ही समाधानाची गोष्ट. मात्र दाखल्यातला शोमरोनी येतो तो घाव झाल्यानंतर. ज्याच्यामुळे घाव झालाच नाही, त्याचा दाखला कोण सांगणार? त्याच्या हातून वाचलेल्या माणसालाही आपण वाचलो हे ठाऊक नसते. त्याचे आभार कोणी मानत नाही, आणि त्याने स्वतःही कशाची नोंद ठेवलेली नसते.

नोंद न ठेवण्याबद्दल संत थॉमस अक्वायनस यांचा विचार इथे आठवतो. ॲरिस्टॉटलच्या पाठोपाठ तेही सद्गुणाला मनाची स्थिरावलेली वृत्ती मानतात. प्रत्येक वेळी मनाशी झगडून केलेल्या चांगल्या कृतीला आपण अधिक मोठी समजतो. त्यांच्या मते सहजपणे आणि आनंदाने घडणारी कृती सद्गुणाची अधिक खरी खूण होय. या मताशी पूर्वी वर्गात मी वाद घालत असे. मग एसटीच्या पुढच्या बाकावर बसून केलेल्या रात्रीच्या प्रवासांत चालकांचे हात पाहिले. जुना, मुरलेला चालक समोरचा उजेड वळणाआडून फाकतो न फाकतो तोच दिवा खाली करतो. शेजारच्या वाहकाशी चाललेले त्याचे बोलणे खंडित होत नाही. समोरच्याने केला की नाही याकडे त्याचे लक्षच नसते. ‘तुम्ही आधी का करता?’ असे एकाला विचारले, तर त्याला प्रश्नच कळला नाही.

पाणी धरायला निघालेल्या त्या शेतकऱ्याच्या हातातही एक बॅटरी असते. वाहन जवळ आले की तो रस्ता सोडून गवतात उभा राहतो आणि तिचा उजेड आपल्या पायांकडे वळवतो, चालकाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून.