सुराला जागा देताना

इलेक्ट्रिक गिटार ॲम्प्लिफायरला न जोडता छेडली तर शेजारच्या खोलीत बसलेल्यालाही ती ऐकू जात नाही. नेहमीच्या भरीव बनावटीच्या गिटारला पोकळ पोट नसतं, सतारीचा भोपळा नसतो. असतो तो लाकडाचा एक सपाट तुकडा. पोलादी तार हलते, तिच्याखालच्या पिकअपमधल्या तांब्याच्या वेटोळ्यात विजेची बारीक थरथर उमटते, केबलमधून पुढं जाते, आणि हवेची गाठ पडते ती थेट स्पीकरपाशी. सनई वाजते तेव्हा तिचा सूर पहिल्या फुंकरीपासूनच कुठल्या तरी मांडवात, देवळात, चौकात असतो. या गिटारच्या सुराला जन्मापासून जागाच नसते. त्यातून ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन स्पीकरच्या जाळीला जवळजवळ टेकवून ठेवला की खोलीचा उरलासुरला अंशही निघून जातो, आणि सूर ऐकणाऱ्याच्या कानात कुणी कुजबुजावं तसा येतो.

रिव्हर्बचं काम इथं सुरू होतं. बरेच वादक त्याला सजावट समजतात, शेवटी वरून भुरभुरायची कोथिंबीर. खरं तर रिव्हर्ब लावणं म्हणजे सुराला राहायला घर देणं आहे. खोली केवढी, भिंती कशाच्या, वादक उभा कुठं आणि ऐकणारा त्याच्यापासून किती लांब, हे सगळं रिव्हर्बच्या पेडलवरच्या, म्हणजे पायाशी असलेल्या छोट्या पेटीवरच्या, तीन-चार बटणांतून ठरतं. हे ध्यानात आलं की बटणं फिरवणं ही चाचपड राहत नाही.

आधी शब्दांचा एक घोळ सोडवायला हवा. गावोगावच्या भजनी मंडळांपासून लग्नाच्या ऑर्केस्ट्रापर्यंत माइकवाल्याला सांगितलं जातं, ‘जरा इको वाढवा.’ कित्येकदा हवा असतो तो रिव्हर्ब. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात या दोन गोष्टींना वेगळी नावं आहेत, प्रतिध्वनी आणि निनाद. मूळ आवाज आणि परत आलेला आवाज यांत एक दशांश सेकंदाचं अंतर असेल, म्हणजे भिंत साधारण १७ मीटर लांब असेल, तर दोन्ही वेगळे ऐकू येतात, तो प्रतिध्वनी. भिंती जवळ असल्या की छत, जमीन, कोपरे यांवरून हजारो परावर्तनं इतक्या दाटीनं येतात की कान त्यांना वेगळं करू शकत नाही, तो निनाद. आपल्या वादकांकडं तिसराही एक नेमका शब्द आहे, ‘आस’. तार छेडल्यावर सूर मागे रेंगाळतो ती आस. आस तारेची असते, निनाद खोलीचा. आस कमी पडते म्हणून निनाद वाढवला तर सूर लांबत नाही, फक्त लांब जातो.

निनादाला पहिल्यांदा मापात धरलं ते वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकानं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातलं नवंकोरं व्याख्यानगृह निरुपयोगी ठरलं होतं. तिथं उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही, आणि तेवढ्यात वक्त्याची पुढची बारा-पंधरा अक्षरं होऊन जात. सॅबिन रात्रीच्या शांततेत काम करी. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या तो उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायचा आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजायचा. मग आणखी गाद्या आणि पुन्हा मोजणी. सकाळच्या आत गाद्या परत जागेवर. या कष्टांतून निनादकाल ही कल्पना आली. आवाजाची तीव्रता मूळच्या दहा लाखांश होईपर्यंत, म्हणजे ६० डेसिबलनं उतरेपर्यंत लागणारा वेळ तो निनादकाल. १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल याच गणितावर उभा राहिला. आज पेडलवर ‘डिके’ लिहिलेलं जे बटण असतं, त्यामागं त्या रात्रींची मोजणी आहे.

खोली मोजता आली, पण ती सोबत नेता येईना. म्हणून स्टुडिओंनी खोल्याच राखून ठेवल्या. रिकाम्या, गुळगुळीत भिंतींच्या खोलीत एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला मायक्रोफोन, आणि तिथला घुमारा मूळ मुद्रणात मिसळायचा. ॲरिझोनातल्या फीनिक्सच्या एका स्टुडिओत अशी खोलीही नव्हती, तेव्हा निर्माता ली हेझलवुड यानं पाण्याची एक प्रचंड लोखंडी टाकी आणवली. १९५८ सालच्या ‘रेबेल राउझर’मध्ये ड्युएन एडीची खर्जातली गिटार जी भरून येते, ती त्या टाकीच्या पोटातून फिरून आलेली आहे. आधीच्याच वर्षी जर्मनीतल्या ईएमटी कंपनीनं दुसरी वाट काढली होती. सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद पोलादी पत्रा चौकटीत ताणून बसवायचा, त्याला आवाजानं थरथरवायचं आणि ती थरथर टिपायची. पेडलवर ‘प्लेट’ म्हणून जो पर्याय दिसतो तो हाच पत्रा.

गिटारवाल्यांचा खरा सोबती मात्र स्प्रिंग. बेल प्रयोगशाळेत लांब पल्ल्याच्या टेलिफोनमध्ये आवाजाला होणारा उशीर अभ्यासण्यासाठी स्प्रिंग वापरली जात होती. घरोघरच्या ऑर्गनला चर्चचा घुमारा हवा होता, म्हणून लॉरेन्स हॅमंडनं ती उचलली. पुढं ती आटोपशीर झाली आणि गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये शिरली. फेंडर कंपनीची स्वतंत्र रिव्हर्ब पेटी १९६१ ची, आणि पोटात रिव्हर्ब असलेला तिचा पहिला ॲम्प्लिफायर, व्हायब्रोव्हर्ब, १९६३ चा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं सर्फ संगीत या पेटीवर वाढलं. त्या संगीताचा अध्वर्यू डिक डेल सांगत असे की त्याला ही सोय मुळात गाण्यासाठी हवी होती. आपल्या गळ्यात कंप नाही, ही त्याची खंत होती.

अशा जुन्या ॲम्प्लिफायरच्या तळाशी रेक्झिनच्या पिशवीत गुंडाळलेला एक पत्र्याचा ट्रे असतो. तो उघडला की आत दुसरा, लहान ट्रे चार नाजूक स्प्रिंगांवर तोललेला दिसतो आणि त्यात बॉलपेनातल्या स्प्रिंगसारख्या, पण हातभर लांब, बारीक तारेच्या दोन-तीन स्प्रिंगा ताणलेल्या. एका टोकाला चुंबक आणि तांब्याची गुंडाळी. गिटारचा आवाज तिथं स्प्रिंगला पीळ देतो. तो पीळ धावत दुसऱ्या टोकाला पोचायला तीस-चाळीस मिलिसेकंद लागतात. तिथं तो टिपला जातो, थोडा परत फिरतो, पुन्हा येतो. प्रत्येक स्प्रिंगचा वेळ मुद्दाम थोडा वेगळा ठेवलेला असतो, म्हणजे परतणाऱ्या लाटा एका तालात पडत नाहीत. स्प्रिंगमधून वेगवेगळ्या उंचीचे आवाज वेगवेगळ्या गतीनं जातात, म्हणून तारेवर दिलेला झटका पलीकडून पाण्यात थेंब पडावा तसा ‘टुपुक्’ करून येतो. अशा आवाजाची खोली जगात कुठंही नाही. निव्वळ सोय म्हणून आलेल्या या वेटोळ्याचा दोषच लोकांना इतका आवडला की आजची डिजिटल यंत्रं तो हुबेहूब उतरवण्यासाठी झटतात. ॲम्प्लिफायरला धक्का लागला की आत वीज कडाडल्यासारखा आवाज होतो, तो स्प्रिंगा एकमेकींवर आणि पत्र्यावर आपटल्याचा.

फेंडरच्या त्या पेटीवर तीनच बटणं होती. ‘ड्वेल’ म्हणजे स्प्रिंगला किती जोरानं ढकलायचं, ‘मिक्सर’ म्हणजे परतलेला आवाज किती मिसळायचा, आणि ‘टोन’. ड्वेल म्हणजे लांबी, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात स्प्रिंगची लांबी ठरलेलीच असते. जोरानं ढकलली की तिचं शेपूट ऐकू येण्याइतकं वर येतं, एवढंच.

आजच्या पेडलवर बटणं जास्त असतात, आणि सर्वांत दुर्लक्षित असतं ते ‘प्री-डिले’. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर. मूळ सुरानंतर ३० मिलिसेकंदांनी निनाद सुरू झाला, तर कान समजतो की भिंतीला आपटून आलेल्या आवाजाला दहा मीटर जास्त चालावं लागलं. म्हणजे दालन मोठं आहे आणि वादक आपल्या पुढ्यात आहे. हेच बटण शून्यावर आणि निनाद भरपूर असेल, तर वादक मागच्या भिंतीला पाठ टेकून उभा आहे असं वाटतं. ‘रिव्हर्ब लावला की गिटार मागे जाते’ ही तक्रार करणाऱ्यानं मिश्रणाला हात लावण्याआधी इथं वीस-तीस मिलिसेकंद देऊन पाहावेत.

डिके किती ठेवायचा हे लय सांगते. मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. प्रत्येक ठोक्याला कॉर्ड बदलत असेल आणि निनाद तीन सेकंदांचा असेल, तर एका वेळी सहा कॉर्ड एकमेकींच्या पायात येतात. एक कॉर्ड वाजवावी, तळव्यानं सगळ्या तारा दाबून टाकाव्यात आणि उरलेलं शेपूट ऐकत मनात ठोके मोजावेत. पुढची कॉर्ड यायच्या आत ते विरलं पाहिजे. संथ लयीत सुटे सूर वाजत असतील, तर तेच तीन सेकंद सुखाचे वाटतात. सहाव्या तारेचा सुटा सूर ८२ हर्ट्झचा. त्या भागात बास गिटार आणि ड्रमचा ढोल आधीच ठाण मांडून असतात. निनादातला खर्ज कापला तर तिघांनाही श्वास घेता येतो. विकृतीचं म्हणजे डिस्टॉर्शनचं पेडल असेल तर रिव्हर्ब त्याच्यानंतर हवा, आणि विकृती ॲम्प्लिफायरच्या आतच होत असेल तर रिव्हर्ब त्याच्या मागच्या सेंड-रिटर्न खाचांतून जोडावा. क्रम उलटा झाला की विकृती निनादाचं शेपूट फुगवून मूळ सुराच्या बरोबरीला आणते आणि सगळा चिखल होतो. केव्हिन शील्ड्सनं ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ या बँडमध्ये उलट्या निनादाच्या धुक्यातूनच संगीत काढलं. पण तो नेम धरून केलेला प्रयोग होता, आणि त्यासाठी सरळ क्रम आधी कानात मुरलेला असावा लागतो.

क्रिस आयझॅकच्या १९८९ सालच्या ‘विकेड गेम’मध्ये जेम्स विल्सीची गिटार मोजके सूर वाजवते. सुरांमधल्या मोकळ्या जागेत निनाद पसरायला वाव आहे, म्हणून तो शोभतो. ‘बॅक इन ब्लॅक’च्या सुरुवातीला एसी/डीसीच्या गिटारी जवळजवळ कोरड्या आहेत. तिथं तडाख्यांमधली शांतताच वाद्यासारखी वाजते. तिच्यात निनाद ओतला असता तर गाण्याचा कणा मोडला असता. आपल्याकडं गायक ‘जागा घेतो’ म्हणतात, तशी निनादालाही जागा लागते. वाजवण्यात ती नसेल तर बटणातून येत नाही. नवशिक्याला भरपूर रिव्हर्ब गोड लागतो, कारण त्यात बोटांच्या चुका बुडून जातात. सराव म्हणून कोरडंच वाजवावं, हे इथं ठासून सांगायला हवं.

आता तर खरी वास्तूही पेडलमध्ये मावते. इस्तंबूलच्या हागिया सोफियात २०१० साली अभ्यासकांनी फुगे फोडले आणि त्या आवाजाला वास्तूनं दिलेलं उत्तर टिपलं. तिथला निनाद सुमारे अकरा सेकंदांचा. त्या उत्तराची छाप कुठल्याही सुरावर गणितानं उमटवता येते. कॅलिफोर्नियातल्या एका सभागृहात उभ्या गायकांना अशाच रीतीनं त्या घुमटाखाली गायल्याचा अनुभव देण्यात आला, आणि त्यातून २०१९ मध्ये कॅपेला रोमाना या गटाची ध्वनिमुद्रिका निघाली.

एवढी साधनं हाताशी असूनही कार्यक्रमात गफलत होते ती एका साध्या कारणानं. वादक घरी, गादी-पडद्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत रिव्हर्ब ठरवतो. ती खोली काहीच घुमवत नाही, म्हणून बटण वर चढलेलं असतं. तेच बटण तसंच सभागृहात जातं, आणि तिथं भिंती आपला निनाद वरून घालतात. म्हणून मंचावर गेल्यावर आधी रिव्हर्ब शून्यावर आणावा, एक टाळी वाजवावी, दालन काय देतंय ते ऐकावं, आणि कमी पडेल तेवढंच घालावं. संध्याकाळी खुर्च्या भरल्या की माणसं आणि त्यांचे कपडे सॅबिनच्या गाद्यांसारखेच आवाज पितात, आणि दुपारी रिकाम्या सभागृहात जुळवलेलं माप चुकतं. तेव्हा पहिलं गाणं संपलं, टाळ्या सुरू झाल्या, की वळून ते बटण एकदा पुन्हा तपासा.