दुरून डोंगर साजरे

दक्षिण इटलीतील बासिलिकाता प्रांतातून जाणाऱ्या प्रवाशाला डोंगरमाथ्यांना बिलगून बसलेली गावे दिसू लागतात आणि 'रमणीय' हा शब्द त्याच्या ओठांवर आपसूक येतो. खाली उघड्याबोडक्या मातीच्या घळी, वर फिकट दगडांची घरे. हे सौंदर्य खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. मात्र ते पाहणारा कोणाचे काही देणे लागतो काय, हा प्रश्न उरतोच.

ही गावे माथ्यावर वसली ती देखाव्यासाठी नव्हे. खोऱ्यांत हिवताप होता आणि सखल प्रदेशात हल्ल्याचे भय होते. शेजारच्या पुलिया प्रांतातील आल्बेरोबेल्लोची शंकूच्या छपरांची घरे चुन्यावाचून, दगडावर दगड रचून उभारलेली आहेत. नव्या वस्तीवरील राजाचा कर चुकावा म्हणून तेथील सरंजामदाराने, वेळ येताच पाडता येतील अशी घरे बांधायला लावली, अशी कथा सांगतात. १७९७ साली हे गाव सरंजामी अमलातून सुटले. १९९६ साली ते जागतिक वारसा ठरले. कथा खरी असेल, तर आज ज्या आकाराचे कौतुक होते, त्याच्या मुळाशी रहिवाशांची असहायता होती.

मातेरा नगरीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. तेथील 'सास्सी' या जुन्या वस्तीत एका घराचे छप्पर ही दुसऱ्याची वाट असे आणि खडकात कोरलेल्या खोल्यांत माणसे व जनावरे एकत्र राहत. तुरिनचा डॉक्टर आणि चित्रकार कार्लो लेवी याला फॅसिस्ट राजवटीने १९३५ साली या प्रांतात स्थानबद्ध केले. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्त एबोलीपाशी थांबला' या त्याच्या पुस्तकाने येथील रोगराई आणि दैन्य साऱ्या देशासमोर मांडले. १९५२ साली खास कायदा झाला आणि पुढे सुमारे १५,००० लोकांना सास्सीतून हलवण्यात आले. मग १९८६ साली त्याच गुहांच्या डागडुजीसाठी कायदा झाला आणि १९९३ साली त्याही जागतिक वारसा ठरल्या. जेथे खेचराच्या उबेला मुले निजत, तेथे आज पाहुणे पैसे मोजून निजतात.

या गुहांकडे दोन नजरांनी पाहिले गेले. एकीला तेथे साधे, समाधानी जीवन दिसले. दुसरीला राष्ट्राची लाज. दुसरी नजर निःसंशय अधिक प्रामाणिक होती, कारण तिने आजारी मूल पाहिले. परंतु तीही दुरूनच पाहत होती. सामाईक अंगण आणि त्याभोवती विणले गेलेले शेजारपण तिला सहजी दिसले नाही. विस्थापितांसाठी वसवलेल्या ला मार्तेल्ला या गावाच्या आराखड्यात वास्तुरचनाकारांनी तो शेजार पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न केला. परंतु शेजार हा आखून देता येत नाही, तो वर्षानुवर्षांच्या देवघेवीतून रुजतो. हलवलेल्या माणसाला कोरडी भिंत आणि उजेडाची खिडकी मिळाली. त्याची अंगणातली माणसे पांगली. लाभ मोठा होता, म्हणून हानी नव्हतीच असे म्हणता येणार नाही.

मग आपण काय करावे? डोळे मिटून घेणे हे उत्तर नव्हे. दैन्यातून जन्मलेली प्रत्येक वास्तू त्याज्य मानली, तर ज्या हातांनी तो दगड तासला त्यांच्या कौशल्याचाही आपण अव्हेर करू. ते हात दयेपेक्षा आदराला पात्र आहेत. तरीही एक कसोटी लावून पाहावी: ज्या घरात, त्याच्या मूळ स्थितीत, आपले मूल वाढवण्यास आपण राजी झालो नसतो, त्या घराला रमणीय म्हणताना आपले वाक्य तेथेच संपू नये. त्या रमणीयतेची किंमत कोणी मोजली, हेही त्याच वाक्यात यावे.

दुरून डोंगर साजरे, हे आपल्याकडे एरवी फसगतीच्या संदर्भात म्हटले जाते. येथे डोंगर जवळूनही साजराच राहतो. त्यावर माणसे राहत होती, एवढे मात्र जवळ गेल्यावाचून कळत नाही. सौंदर्याचा आस्वाद घेणाऱ्याने तेवढे अंतर चालून जावे. त्याचे देणे काही असेल तर ते हेच.