अंगणातला मोगरा

उन्हाळ्याच्या तोंडाशी घरच्या बागेत फुलणाऱ्या फुलांत मोगऱ्याचा मान पहिला. फाल्गुन सरत आला की त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर कळ्या धरू लागतात, चैत्र-वैशाखात बहर भरात येतो आणि पाऊस पडेपर्यंत थोडाफार टिकतो. याच दिवसांत रस्त्याकडेला बहावा आणि गुलमोहरही फुललेले असतात. त्यांचा आनंद डोळ्यांचा. तो दुरून, जाता-येता घेता येतो. मोगऱ्यासाठी मात्र झाडाजवळ जाऊन वाकावे लागते. पानाआड दडलेले बोटभर फूल सापडते तेही आधी वासाने आणि मग नजरेने.

मोगऱ्याचे शास्त्रीय नाव जॅस्मिनम सॅम्बॅक. त्यातला ‘सॅम्बॅक’ हा शब्द अरबीतून आलेला आहे. जाई, जुई, सायली आणि कुंद ही त्याची जवळची भावंडे. पारिजातक त्याच कुळातला, आणि ऑलिव्हही. घरोघरी दिसणाऱ्या मोगऱ्यात एकेरी पाकळ्यांचा साधा मोगरा, गच्च गोल फुलाचा बटमोगरा, लांबट टोकदार कळीचा मदनबाण आणि मांडवावर चढणारा वेली मोगरा असे प्रकार असतात. वास सर्वांचा एकाच घराण्यातला, पण तालेवारपणा कमीजास्त.

हा बहर आपोआप येत नाही. मोगऱ्याला फूल येते ते नव्या फुटीवर. म्हणून थंडी ओसरू लागली की झाडाची छाटणी करतात, जुनी पाने काढून टाकतात आणि काही दिवस पाणी तोडतात. त्यानंतर माती हलवून, शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू केले की फांदीच्या प्रत्येक डोळ्यातून पालवी फुटते आणि तिच्या टोकाला, बहुधा तिनाच्या झुबक्याने, कळ्या दिसू लागतात. मायेपोटी ज्याला कात्री लावली जात नाही आणि रोज भरपूर पाणी मिळते, ते झाड हिरवेगार होते. फुले मात्र मोजकीच देते. सावलीत ठेवलेल्या कुंडीचीही हीच गत. बागकाम म्हणजे केवळ देणे नव्हे, वेळच्या वेळी हात आखडता घेणेही त्यात येते, हे मोगरा दरवर्षी शिकवतो.

कळी उमलण्याची वेळ ठरलेली आहे. सकाळी हिरवट दिसणारी कळी दुपारनंतर फुगते, पांढरी पडते आणि दिवस मावळल्यावर उघडते. पांढरा रंग आणि रात्रीचा दरवळ ही मुळात पतंगांना दिलेली हाक आहे. अंधारात इतर रंग विझतात तेव्हा पांढरा दिसतो, आणि तोही दिसला नाही तर वास वाट दाखवतो. दुसऱ्या दिवशी ऊन चढले की पाकळ्या जांभळट-तपकिरी होऊ लागतात आणि फूल गळते. एका फुलाचे आयुष्य म्हणजे जेमतेम एक रात्र. त्यामुळे मोगऱ्याचा आस्वाद उद्यावर टाकता येत नाही. दिवसभराच्या काहिलीनंतर अंगणात किंवा गच्चीवर बसण्याची वेळ आणि फूल उमलण्याची वेळ एकच, हा या ऋतूचा मोठाच उपकार.

फूल झाडावरच ठेवावे की खुडावे, हा बागेतला जुना वाद. पुष्कळ फुलांच्या बाबतीत तो योग्यही आहे, कारण फूल खुडले की फळ आणि बी गेले. पण दाट पाकळ्यांच्या मोगऱ्याला सहसा बी धरतच नाही. पतंगांना दिलेली हाक तिथे वायाच जाते. तिचा फायदा माणसाला मिळतो. शिवाय फुगलेली कळी संध्याकाळी खुडली तरी ती पुढे उमलतेच. चीनमध्ये मोगऱ्याचा चहा याच गुणावर तयार होतो: दुपारी वेचलेल्या कळ्या चहाच्या पानांत मिसळतात आणि रात्रभर उमलणाऱ्या फुलांचा वास पाने शोषून घेतात. महाराष्ट्रात त्याच कळ्या देवापुढच्या तबकात, माठातल्या पाण्यात, ओल्या फडक्यात किंवा गजऱ्यात उमलतात. कोकण-गोव्यात त्यांचा केळीच्या सोपाच्या दोऱ्यात गुंफलेला वळेसर, म्हणजे गजरा, होतो.

बी नाही म्हणून मोगऱ्याचा वंश चालतो तो फांदीने. लवचीक फांदी वाकवून मातीत दाबली की तिला मुळे फुटतात, किंवा पावसाळ्यात छाटाची काडी लावतात. म्हणजे एखाद्या दारातला मोगरा पूर्वी दुसऱ्या कोणाच्या तरी दारात होता: माहेरचा, शेजारचा, सोडून आलेल्या वाड्यातला. असाच हातोहात तो समुद्रापारही गेला. फिलिपीन्सने 1934 मध्ये ‘साम्पागिता’ या नावाने त्याला राष्ट्रीय फूल केले. इकडे तमिळनाडूतल्या ‘मदुराई मल्ली’ या मोगऱ्याला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

फांदीसारखीच फुलांच्या बाबतीतही देण्याची रीत आहे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे यांच्याबरोबर मोगऱ्याचे फूल हाती पडते. त्या थंड पदार्थांच्या पंगतीत फूल शोभेपुरते नसते. उन्हावरचा तोही एक उतारा मानला जातो. आणि एका रात्रीत कोमेजणारी वस्तू साठवता येत नसल्याने वाटावीच लागते.

आज अंगणाच्या जागी बाल्कनी आली, तरी पाच-सहा तास ऊन मिळणाऱ्या मोठ्या कुंडीत मोगरा सुखाने राहतो. पाणीटंचाईच्या गावात त्याला भाजी-तांदूळ धुतलेले पाणीही चालते. म्हणून मोगरा ही चैन ठरत नाही. त्याला लागते ते माघातले कात्रीचे धैर्य, फाल्गुनातली वाट पाहण्याची तयारी आणि संध्याकाळची रिकामी घटका. बहर ओसरला की जूनच्या पहिल्या पावसात एक फांदी दाबून ठेवावी. पुढच्या चैत्रात मोगरा कोणाच्या तरी दारी फुलेल.